बँकॉकमध्ये एकट्याने पहिला दिवस: विमानातून उतरल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करायचं

पहिल्यांदाच एकट्याने परदेशात जाणारे आपले बरेच लोक बँकॉकपासून सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे, मुंबईहून चार-साडेचार तासांचं विमान, खिशाला झेपणारं शहर, लोक मदत करणारे. पण टूरबरोबर जाणं वेगळं आणि एकट्याने जाणं वेगळं. ग्रुपमध्ये एक जण बॅगा सांभाळतो, दुसरा पैसे बदलायला जातो, तिसरा मॅप बघतो. एकट्याला हे सगळं स्वतःच करायचं असतं, आणि आपली बरीच विमानं रात्री उशिरा निघून पहाटे पोहोचतात त्यामुळे झोप झालेली नसते, डोकं चालत नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी दर पाच मिनिटांनी कसला तरी निर्णय घ्यावा लागतो. टॅक्सी की ट्रेन, इथे पैसे बदलू की पुढे, हा माणूस खरं बोलतोय का.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, पहिल्या दिवसाचे सगळे निर्णय घरी बसून घेऊन टाका, उतरल्यावर फक्त ते पार पाडायचे. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय. थोडं लांब आहे पण निघायच्या आधी शांतपणे वाचा, आणि जमलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण विमानतळावर नेट लागेलच असं नाही.

१. घरून निघायच्या आधी

आधी कागदपत्रं. ही सगळी मोबाईलमध्येही हवीत आणि कागदावरही हवीत, कारण बॅटरी संपलेल्या मोबाईलमधलं बुकिंग कोणी बघत नाही.

- पासपोर्ट, पोहोचायच्या तारखेपासून किमान ६ महिने वैध असलेला
- परतीचं (किंवा थायलंडमधून पुढे तिसऱ्या देशात जायचं) तिकीट
- निदान पहिल्या काही रात्रींचं हॉटेल बुकिंग, पूर्ण पत्त्यासकट
- टीडॅकचा क्यूआर कोड (खाली सांगतोय)
- प्रवास विम्याची प्रिंट
- पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट साइझ फोटो
- हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत. हा अगदी महत्त्वाचा, बुकिंगच्या ॲपमध्ये किंवा मॅपवर मिळतो, नाही मिळाला तर हॉटेलला मेसेज करून मागवा

व्हिसाचं असं आहे की जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देण्यात आला, पण हे दिवस कमी करायची चर्चा अधूनमधून होत असते आणि असे नियम पटकन बदलतात. त्यामुळे तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा. मित्राच्या मेहुण्याने गेल्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नका.

टीडॅक म्हणजे थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. पूर्वी विमानात कागदी फॉर्म द्यायचे तो बंद झाला आणि १ मे २०२५ पासून हे ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं, फार आधी बसून उपयोग नाही. आणि हे पूर्ण फुकट आहे! सर्च केल्यावर वर वर ज्या साइट येतात त्यातल्या काही अगदी सरकारी वाटतात आणि फी मागतात, त्यांच्या नादी लागू नका. खरी साइट थाई इमिग्रेशनची, पत्ता डॉट गो डॉट टीएच वर संपतो. तिथे पैसे भरायचं पानच येत नाही, कुठे पैसे मागितले की समजा चुकीच्या जागी आहात.

आता बँक आणि मोबाईल, लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं, हे चारही पर्याय वेगवेगळे असतात, चारही तपासा. आणि आपल्या भारतीय नंबरवर रोमिंग चालू करून ठेवा, डेटा घ्यायची गरज नाही पण एसएमएस आले पाहिजेत. नाहीतर तिकडे कार्डने पैसे भरायला जाता, ओटीपी येतो भारतातल्या नंबरवर, आणि तो नंबर तिकडे मेलेला असतो. मग बँकेला फोन करायला पण नंबर नाही. एकट्या माणसाला हा प्रकार फार महागात पडतो कारण शेजारी कोणी नसतं ज्याच्याकडून दोन हजार बाथ (तिथलं चलन) उसने घ्यावेत.

यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका. तिथे दुकानादुकानात क्यूआर कोड चिकटवलेले दिसतील पण ते त्यांच्या प्रॉम्प्टपेचे, थाई बँक खातं लागतं.

ग्रॅब आणि बोल्ट ही टॅक्सी बोलवायची दोन ॲप घरीच टाका आणि भारतीय नंबरवरच खातं उघडून घ्या, कारण ओटीपी घरी आरामात येतो. गुगल मॅपवर बँकॉकचा ऑफलाइन नकाशा आणि ट्रान्सलेटमध्ये थाई भाषा डाउनलोड करा.

प्लगचं पटकन सांगतो, आपली दोन पिनांची चार्जरं तिथे बहुतेक सगळीकडे बसतात पण लॅपटॉपची जाड तीन पिनांची नाही बसत, एक ॲडाप्टर टाका. लोणचं नेत असाल तर चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत काढून घेतात. आणि ई-सिगारेट असेल तर घरीच ठेवा, तिकडे ती बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

२. राहायची जागा: फोटो नंतर बघा, आधी स्टेशन बघा

बँकॉकचा ट्रॅफिक आपल्या मुंबई-पुण्याच्या माणसालाही अवघड जातो, संध्याकाळी तर दोन किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने हॉटेल किंवा हॉस्टेल बीटीएस (वरून जाणारी स्कायट्रेन) किंवा एमआरटी (मेट्रो) च्या स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत असेल असंच घ्यावं. रूम थोडी लहान चालेल.

माझी पसंती असोक. तिथे बीटीएसचं असोक आणि एमआरटीचं सुखुमवित ही दोन स्टेशनं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणजे बऱ्याच ठिकाणी फार तर एका बदलात जाता येतं. भारतीय जेवण आसपास आहे आणि आपला भारतीय दूतावास पण जवळच सुखुमवित सोई २३ (सोई म्हणजे गल्ली, खाली सांगतोय) मध्ये आहे. सिलोम भागही चांगला. खाओ सान रोड तरुण बॅकपॅकर लोकांना आवडतो, स्वस्त आहे, पण दारात मेट्रो नाही आणि रात्री आवाज खूप, पहिल्या रात्री झोप हवी असेल तर नको. नाना स्टेशनच्या एका बाजूला बारची गल्ली आहे, बुकिंग करताना नुसतं सुखुमवित वाचून घेऊ नका, सोईचा नंबर बघा.

सोई म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली गल्ली. सुखुमवित रोडवर एका बाजूला विषम नंबर आणि दुसऱ्या बाजूला सम नंबर, आणि दोन्ही बाजू सारख्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे सोई २३ च्या समोर सोई २२ किंवा २४ असेल असं समजून रस्ता ओलांडू नका. हे लक्षात नसेल तर बॅग ओढत उन्हात भरपूर चालणं होतं.

एकट्या मुलींसाठी, बहुतेक चांगल्या हॉस्टेलांत फक्त मुलींची वेगळी डॉर्म असते, बुकिंग करताना तसा पर्याय दिसतो. रिव्ह्यू वाचताना एकट्या आलेल्या बायकांनी काय लिहिलंय तेवढंच शोधून वाचा, बाकीचे सोडून दिले तरी चालतील.

३. विमानातून उतरल्यावर

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. काही स्वस्त विमानं डॉन मुआंगला उतरतात, तिकिटावर बघून घ्या. मी इथे सुवर्णभूमीचं सांगतोय.

घड्याळ दीड तास पुढे करा. मग इमिग्रेशनच्या पाट्यांमागे चालत राहा, चालणं बरंच आहे. वाटेत व्हिसा ऑन अरायव्हलचा काउंटर लागतो आणि आपले लोक तिथे गर्दी बघून सवयीने उभे राहतात. तुम्ही व्हिसाशिवाय प्रवेशाच्या नियमात बसत असाल तर ती लाईन तुमची नाही, सरळ पुढे परदेशी पासपोर्टच्या लाईनीत जा.

काउंटरवर फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. कधी काही विचारत नाहीत, कधी परतीचं तिकीट, हॉटेल आणि पैसे विचारतात. पैसे म्हणजे माणशी २० हजार बाथ किंवा तेवढ्या किमतीचं चलन दाखवता येईल अशी तयारी ठेवा. उत्तरं छोटी द्या, किती दिवस, कुठे राहणार, कशाला आलात, संपलं. एकट्याने आलेल्या माणसाला जरा जास्त विचारलं तर घाबरू नका, कागद समोर ठेवायचे. शिक्का मारून पासपोर्ट हातात आला की तिथेच बाजूला उभं राहून शिक्क्यावरची तारीख वाचा, कुठपर्यंत राहायची परवानगी आहे ते. तारखेत गडबड असेल तर ती त्याच काउंटरवर दुरुस्त होते, नंतर फार खटपट.

४. पैसे आणि सिम

इथे घाई करायची नाही. बॅगा घेऊन बाहेर आलात की दुसऱ्या मजल्यावर असता आणि समोरच पैसे बदलायचे चकचकीत काउंटर असतात, तिथे तेवढ्याच पैशांत बाथ कमी मिळतात. लिफ्टने तळघरात जा, जिथे एअरपोर्ट रेल लिंकचं स्टेशन आहे, तिथे सुपररिच आणि तसे दोन-चार काउंटर शेजारी शेजारी आहेत आणि दरांत चांगलाच फरक पडतो. डॉलर नेले असतील तर कोऱ्या, न दुमडलेल्या १०० च्या नोटा न्या, त्यांना छोट्या नोटांपेक्षा जास्त दर मिळतो आणि फाटक्या-लिहिलेल्या नोटा घेतच नाहीत. पासपोर्ट लागतो. सगळे पैसे पहिल्याच दिवशी बदलू नका.

एटीएमने काढणार असाल तर दोन गोष्टी. एक, परदेशी कार्डावर तिथलं मशीन दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त फी लावतं, म्हणून दोन-दोन हजार करत काढू नका, एकदाच जास्त काढा. दुसरी, मशीन विचारतं की रुपयांत बदलून रक्कम कापू का, तिथे नाही म्हणायचं, म्हणजे विदाउट कन्व्हर्जन. हो म्हटलं तर दर त्यांचा आणि तो वाईट असतो. दुकानात कार्ड वापरतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तर हेच, नेहमी बाथमध्ये.

नोटा ओळखून घ्या, २० हिरवी, ५० निळी, १०० लाल, ५०० जांभळी, १००० तपकिरी. एक बाथ म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. टॅक्सीत हजाराची नोट काढायची नाही, सुटे नाहीत म्हणतात. आधी सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडून घ्या, ते कटकट न करता सुटे देतात. नोटांवर राजाचा फोटो असतो, पडलेली नोट पायाने अडवू नका, तिकडे हे खूप मनाला लागतं आणि राजघराण्याच्या अपमानाचा कायदाही फार कडक आहे.

सिमसाठी एआयएस आणि ट्रूचे काउंटर बाहेर पडतानाच दिसतात, टुरिस्ट पॅक मागा, पासपोर्ट देऊन दहा मिनिटांत चालू करून देतात. मोबाईलमध्ये ई-सिम चालत असेल तर भारतातूनच घेऊन ठेवणं जास्त सोपं, उतरल्या उतरल्या नेट चालू आणि भारतीय सिमही आत राहतं. नवीन सिम टाकणार असाल तर जुनं काढून ते छोटं प्लास्टिक कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवा, परत येताना मुंबई विमानतळावर शोधाशोध होते.

भूक लागली असेल तर पहिल्या मजल्यावर, गेट ८ जवळ मॅजिक फूड पॉइंट म्हणून फूड कोर्ट आहे जिथे विमानतळावरचे कर्मचारी जेवतात. वरच्या मजल्यांवरच्या दुकानांपेक्षा बरंच स्वस्त. आधी काउंटरवर पैसे देऊन कूपन घ्यायची, उरलेली परत करून पैसे मिळतात.

५. विमानतळावरून शहरात

ट्रेन: सकाळी सहाच्या सुमारास ते मध्यरात्रीपर्यंत असाल आणि एकच बॅग असेल तर एअरपोर्ट रेल लिंक घ्या, दुसरा विचार नको. तळघरातून निघते, शेवटच्या फाया थाई स्टेशनपर्यंत अर्ध्या तासाच्या आत, ४५ बाथ. फाया थाईला बीटीएस मिळते. असोकला जायचं असेल तर आधीच मक्कासानला उतरून, पादचारी पुलावरून एमआरटीच्या फेत्चाबुरी स्टेशनवर जा, तिथून पुढचंच स्टेशन सुखुमवित. तिकीट म्हणून प्लास्टिकचं गोल टोकन मिळतं, आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचं, हरवू नका.

टॅक्सी: पहिल्या मजल्यावर जा. तिथे मशीन असतात, बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी येते, त्या नंबराच्या जागी तुमची टॅक्सी उभी. ही चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, तुमच्याकडेच ठेवा, त्यावर गाडीची माहिती असते आणि काही विसरलं किंवा भांडण झालं तर तोच पुरावा. मीटर ३५ बाथपासून सुरू होतं, त्यावर विमानतळाचे ५० बाथ आणि एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा, टोल आपणच द्यायचा असतो, ती फसवणूक नाही. सुखुमवितपर्यंत मीटरचे साधारण ३०० ते ४०० होतात. ड्रायव्हर म्हणाला की मीटर नको, ५०० किंवा ७०० द्या, तर हसून फक्त "मीटर" एवढंच म्हणा, ऐकलं नाही तर उतरून नवीन चिठ्ठी काढा. वाद घालू नका.

आणि दुसऱ्या मजल्यावर अरायव्हलच्या दारात "टॅक्सी टॅक्सी" करत जवळ येणारे जे असतात त्यांच्याबरोबर जायचंच नाही, कितीही चांगले कपडे आणि गळ्यात कार्ड असलं तरी.

रात्री उशिरा उतरलात तर ट्रेन नसते, तेव्हा ग्रॅब किंवा ही मशीनवाली टॅक्सी, दोन्ही ठीक. एकट्या मुलीने रात्री ग्रॅबमधून गाडीची माहिती घरी शेअर करून टाकावी, ॲपमध्ये तशी सोय आहे.

६. हॉटेलवर

पहाटे पोहोचलात तर चेक-इन दुपारी दोनला असतं. हे माहीत असूनही लोक रिसेप्शनवर जाऊन रागावतात. बॅग ठेवून घेतात सगळीकडे, बहुतेक हॉस्टेलांत अंघोळही करू देतात, विचारा फक्त. हातातल्या बॅगेत एक टी-शर्ट, टॉवेल आणि ब्रश वरच ठेवलेला असेल तर मोठी बॅग रिसेप्शनसमोर उलटी करावी लागत नाही.

बरीच हॉटेलं ५०० ते १००० बाथ डिपॉझिट घेतात, रोख दिलं तर पावती घ्या आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. पासपोर्ट मात्र डिपॉझिट म्हणून कुठेही ठेवायचा नाही. फोटो काढून किंवा झेरॉक्स घेऊन परत दिला पाहिजे.

हॉटेलचं थाईमधलं कार्ड मागून घ्या आणि खिशात ठेवा. मोबाईल बंद पडला तरी कुठल्याही टॅक्सीवाल्याला ते कार्ड दाखवून परत येता येतं.

टॉयलेटमध्ये जेट स्प्रे असतो जवळपास सगळीकडे, ती काळजी सोडा. नळाचं पाणी मात्र पिऊ नका, बाटलीचंच.

७. पहिलं जेवण, आणि शाकाहारी असाल तर

मांसाहारी लोकांना फार सांगायची गरज नाही, जिथे थाई लोकांची गर्दी आहे आणि समोर शिजवून देतायत तिथे खा. फक्त डुक्कर आणि बीफ चालत नसेल तर आधीच सांगा, डुकराचं मांस "मू", बीफ "नुआ", कोंबडी "काय". तिखट नको असेल तर "माय पेत".

शाकाहाऱ्यांचं खरं अवघड काय, तर व्हेज म्हणून सांगितलेल्या भाजीतसुद्धा "नाम प्ला" म्हणजे माशाचा सॉस असतो, कोळंबीची पेस्ट असते, ऑयस्टर सॉस असतो. त्यांच्या दृष्टीने त्यात मांसाचा तुकडा नाही म्हणजे ती भाजीच झाली, ते फसवत नसतात. त्यामुळे नुसतं व्हेज व्हेज म्हणून भागत नाही. "जे" हा शब्द पाठ करा. "किन जे" म्हणजे मी "जे" प्रकारचं जेवण खातो. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या जैन आणि एकादशीला कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींनाही हे बऱ्यापैकी चालण्यासारखं आहे. अशा दुकानावर पिवळ्या कापडावर लाल अक्षरं असतात, दुरून इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखी दिसतात. एकदा ती नजरेत बसली की मग दर दोन-तीन गल्ल्यांत एखादं दिसायला लागतं. नूडल्सच्या पाकिटांवर पण हेच चिन्ह असतं, सेव्हन-इलेव्हनमध्ये शोधा.

पहिल्या दिवशी मात्र प्रयोग नकोत. असोकला टर्मिनल २१ मॉलमध्ये वर पिअर २१ नावाचं फूड कोर्ट आहे, काउंटरवर कार्ड भरून घ्यायचं, ताटं समोर दिसतात, बोट दाखवून मागता येतं, दर रस्त्यावरच्या गाड्यांसारखेच, आणि एसीत एकट्याला टेबल पण मिळतं. कार्डातले उरलेले पैसे परत देतात. अगदीच वरण-भात आठवला तर फाहुरातला, म्हणजे तिथल्या लिटल इंडियाला, सोन्याच्या घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे आणि आसपास भारतीय जेवणाची दुकानं आहेत.

८. दुपारी एकच ठिकाण

ग्रँड पॅलेस पहिल्या दिवशी ठेवू नका असं मी स्पष्ट सांगेन. तिकीट ५०० बाथ, दुपारी साडेतीनला प्रवेश बंद, ऊन, प्रचंड गर्दी, आणि झोप न झालेला माणूस ते सगळं नुसतं उरकतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दार उघडताना बघा.

पहिल्या दिवसासाठी वाट फो हे देऊळ. एमआरटीच्या निळ्या लाईनने सुखुमवितहून न बदलता सनाम चाय स्टेशन, तिथून चालत पाचेक मिनिटं. एमआरटीच्या गेटवर आपलं टॅपचं कार्ड थेट टेकवता येतं, तिकिटाच्या लाईनीत उभं राहायला नको, फक्त आत आणि बाहेर दोन्हीकडे तेच कार्ड वापरा. सनाम चाय स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे, लाल-सोनेरी खांब, राजवाड्याच्या दालनासारखं केलंय.

वाट फोचं तिकीट ३०० बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला-बूट काढायचे. आत ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आडवा बुद्ध आहे, आणि दालन त्याच्या मानाने अरुंद असल्यामुळे तो एका नजरेत मावतच नाही, खांबांमधून तुकड्या-तुकड्याने बघत पुढे जावं लागतं. पावलांपाशी थांबा, तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकीत १०८ शुभचिन्हं कोरलेली आहेत, लोक चेहऱ्याचा फोटो काढून परत फिरतात आणि ही राहून जातात. मागच्या बाजूने भिंतीला लागून १०८ काशाच्या वाट्यांची रांग आहे, २० बाथला छोट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका वाटीत एकेक नाणं टाकत जायचं, सगळ्या दालनात तो टणटण आवाज चाललेला असतो. एकट्याने करायला फार छान आहे, घाई करणारं कोणी नसतं.

याच आवारात थाई मसाजची जुनी शाळा आहे, १९५५ पासूनची. विमानात आखडलेल्या पाठीला अर्धा तास तिथे द्या, पहिला मसाज कुठे करायचा हा प्रश्नही सुटतो.

तिथून थोडं चाललं की था तिएनचा धक्का, ५ बाथला होडी नदीपलीकडे वाट अरुण या देवळाला नेते. अंगात जोर असेल तर जा, नाहीतर अलीकडूनच बघा, तोच देखावा जास्त चांगला दिसतो. परत येताना नारिंगी झेंड्याची बोट पकडा, १६ बाथच्या आसपास, ती साथोर्न धक्क्यावर सोडते आणि वरच बीटीएसचं साफान ताक्सिन स्टेशन. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या टुरिस्ट बोटीची महाग तिकिटं आधी समोर करतात, तुम्ही ऑरेंज म्हणून विचारा.

पावसाळा असेल, म्हणजे मे ते ऑक्टोबर, तर दुपारी कधीही धो-धो येतो आणि तासाभरात जातो. छत्री ठेवा.

९. कोण फसवतं आणि कसं

बँकॉक एकट्यासाठी बऱ्यापैकी सुरक्षित शहर आहे, मारहाण-लुटालुटीपेक्षा गोड बोलून फसवणारे जास्त. यांच्या गोष्टी वर्षानुवर्षं त्याच आहेत, एकदा माहीत झाल्या की लगेच ओळखू येतात.

"आज ग्रँड पॅलेस बंद आहे." राजवाड्याच्या किंवा वाट फोच्या बाहेर एक नीटनेटका, इंग्रजी बोलणारा माणूस सांगतो की आज पूजा आहे, सुट्टी आहे, दुपारनंतर उघडेल, तोपर्यंत हा टुकटुकवाला २० बाथमध्ये तीन देवळं दाखवेल. टुकटुक मग एका रत्नांच्या दुकानात नेतो, तिथे सांगतात की सरकारी योजना आहे, आज शेवटचा दिवस, भारतात नेऊन दुप्पट भावात विकाल. राजवाडा उघडाच असतो. स्वतः दारापर्यंत चालत जाऊन बघा, वाटेतल्या कुणाचंही ऐकू नका.

"तुम्ही इंडियाचे? माझी मुलगी मुंबईला शिकायला जाणार आहे." मॉलमध्ये किंवा पार्कमध्ये ओळख काढून घरी चहाला बोलावतात, घरी पत्ते खेळणारा एक काका निघतो आणि जुगारात तुमचे पैसे जातात. एकट्या फिरणाऱ्याला गप्पा मारायला कोणी तरी हवंच असतं आणि ते हेच हेरतात. गप्पा तिथेच उभ्याने मारा, कुणाच्या गाडीत बसू नका, घरी जाऊ नका.

बारमध्ये वरच्या मजल्यावर शो आहे, फक्त १०० बाथ, असं म्हणून नेणारे. खाली उतरताना बिल हजारांत असतं आणि दारात दोघं उभे असतात. पातपोंग आणि नाना भागात हे चालतं.

आणि एक अगदी गंभीर. परतीच्या वेळी कुणीही, अगदी मराठी बोलणारा गोड माणूस असला तरी, "एवढं पार्सल मुंबईला माझ्या भावाला द्याल का" म्हणाला तर नाही म्हणायचं. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत मुंबई विमानतळावर गांजा पकडला गेल्याच्या बातम्या सतत येतात, आणि बॅग ज्याच्या हातात तो आरोपी. रस्त्यावर गांजाची दुकानं दिसतील, पण २०२५ मध्ये तिथलेही नियम कडक झालेत, आणि भारतात आणणं हा थेट एनडीपीएसचा (अमली पदार्थांच्या कायद्याचा) गुन्हा आहे.

१०. संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी सहाला स्टेशनांवर, बागांमध्ये राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा.

फार लांब जाऊ नका. बीटीएसने चितलोमला उतरलात तर एरावान देवस्थान आहे, चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं, रस्त्याच्या अगदी कोपऱ्यावर, मॉलच्या गर्दीत लोक उभे राहून झेंडूच्या माळा वाहतात. तिथून सेंट्रल वर्ल्ड मॉलकडे चालत गेलात की गणपतीही भेटतो. आपल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी तिथे बरं वाटतं, एकटेपणा जरा कमी होतो. बीटीएसच्या तिकीट मशीनपैकी काही फक्त नाणी घेतात, काउंटरवर नोट देऊन सुटे मिळतात.

रात्री रूमवर आलात की पंधरा मिनिटं काढा. खर्च झालेले पैसे लिहा. रोख दोन जागी विभागून ठेवा आणि एक कार्ड नेहमी रूममध्ये, दुसरं सोबत, कारण एकट्याचं एकमेव कार्ड हरवलं किंवा मशीनने गिळलं तर पुढचे दिवस अवघड जातात. उद्या पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवून झेरॉक्स घेऊन फिरणार की पासपोर्टच नेणार ते ठरवा, पैसे बदलायचे असतील तर मूळ पासपोर्ट लागेल. घरी एक मेसेज, हॉटेलचं लोकेशन आणि रूम नंबरसकट, रोज रात्री ठराविक वेळी. आपले नऊ म्हणजे तिथले साडेदहा, आईला हे आधीच सांगून ठेवा नाहीतर ती वाट बघत बसते.

हे नंबर कागदावर लिहून पाकिटात टाका: टुरिस्ट पोलीस ११५५ (इंग्रजी बोलतात), पोलीस १९१, ॲम्ब्युलन्स १६६९. विमा कंपनीचा आणि बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर पण त्याच कागदावर, परदेशातून लागणारा, म्हणजे पुढे +९१ असलेला. १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर बाहेरून बऱ्याचदा लागतच नाहीत.